डाळिंबावर व्हिटॅमिन सी फवारून उन्हाचा ताण कमी होतो का?

प्रश्न थोडक्यात असा. सांगोल्याकडच्या एका ताईंची साडेतीन एकर ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाची बाग आहे. आंबे बहर धरलाय, फळं लिंबापेक्षा जराशी मोठी झालीत आणि पश्चिमेकडच्या फळांवर उन्हाचे तपकिरी चट्टे दिसायला लागलेत. दुकानदाराने ‘व्हिटॅमिन सी आणि अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली बाटली पुढे केली. बीएस्सी ॲग्री करणारी मुलगी म्हणाली, “आई, झाड सी स्वतः बनवतं आणि तेच परत परत वापरतं. बाहेरून कशाला?” ताई विचारतात, खरं कोणाचं?

ताई, खरं मुलीचं. पण ‘परत परत वापरतं’ या तीन शब्दांत इतकं काही दडलंय, की मी त्याच्यामागे नोकरीची बरीच वर्षं घालवली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर शेवटचे सात परिच्छेद वाचा.

बांधावरच्या गवतावर पॅराक्वाट मारलेलं तुम्ही पाहिलं असेल. स्वच्छ उन्हात सकाळी मारलं की दुपारपर्यंत गवत उकडल्यासारखं होतं. ढगाळ दिवशी तेच काम रेंगाळतं. कारण पॅराक्वाट स्वतः पान जाळत नाही, पान ऊनच जाळतं. हरितलवकात प्रकाशाच्या जोरावर सुटलेले इलेक्ट्रॉन हे औषध मध्येच पळवतं आणि ऑक्सिजनच्या गळ्यात मारतं. त्यातून सुपरऑक्साइड तयार होतं, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मग पेशींचे पडदे फाटतात. (हे औषध माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात, माजघरात, पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका.)

आता औषध बाजूला ठेवा. एप्रिलची दुपार आहे, मुळांना पाणी पुरत नाहीये, पान आपली पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. प्रकाश मात्र पडतच राहतो. इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांना घ्यायला कोणी नसतं, म्हणून ते ऑक्सिजनवर जातात. उजेडातली हरितलवकं हायड्रोजन पेरॉक्साइड बनवू शकतात, हे ॲलन मेहलर यांनी १९५१ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे पॅराक्वाट जे दोन तासांत करतं, तेच कडक ऊन हळूहळू, रोज थोडं थोडं करत असतं. तरीही तुमची बाग उभी आहे, कारण पानात सी आहे.

सीचं काम मी विद्यार्थ्यांना उसनवारीवरून सांगायचो. एस्कॉर्बेट म्हणजे सीच. एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम (शाळेच्या पुस्तकात ‘विकर’ म्हणतात ते) सीचे दोन रेणू घेतं, प्रत्येकाकडून एकेक इलेक्ट्रॉन काढतं आणि पेरॉक्साइडला देऊन त्याचं साधं पाणी करून टाकतं. हे देणं बुडीत. पाणी काही ते इलेक्ट्रॉन परत करत नाही. सी मात्र आता अर्धा रिकामा झाला. या अर्ध्या रिकाम्या रूपाला मोनोडिहायड्रोएस्कॉर्बेट म्हणतात. त्याला पुन्हा भरून देणारं जे एन्झाइम, ते मोनोडिहायड्रोएस्कॉर्बेट रिडक्टेज. ते इलेक्ट्रॉन आणतं एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या रेणूकडून. हरितलवकात तर प्रकाशक्रियेतला फेरेडॉक्सिन हा प्रथिनाचा रेणू मधला दलाल न घेता थेट हे काम करून टाकतो.

काही अर्धे रिकामे रेणू या वाटेला लागत नाहीत. ते एकमेकांना भेटतात, एक दुसऱ्याला आपला उरलेला इलेक्ट्रॉन देतो. त्यातला एक पुन्हा पूर्ण सी होतो, दुसरा पूर्ण रिकामा, म्हणजे डिहायड्रोएस्कॉर्बेट. खरी घाई इथून पुढे असते. पेशीतल्या साधारण उदासीन आम्लतेला हा रिकामा रेणू मिनिटांचाच सोबती असतो. तेवढ्यात डिहायड्रोएस्कॉर्बेट रिडक्टेजने ग्लुटाथायोन नावाच्या पेशीतल्या दुसऱ्या एका लहान रेणूकडून इलेक्ट्रॉन उसने आणून त्याला भरलं तर ठीक. नाहीतर त्याचं कडं तुटतं आणि तो सी कायमचा गेला, त्याचं ऑक्झॅलेट वगैरे होतं. ग्लुटाथायोन जे देतं ते त्याला ग्लुटाथायोन रिडक्टेज भरून देतं, आणि तेही आणतं एनएडीपीएचकडूनच. एनएडीपीएच कुठून येतं? बहुतेक उजेडातून. म्हणजे आग लावणारं ऊन आणि विझवायला पाणी देणारंही ऊनच. क्रिस्टिन फॉयर आणि बॅरी हॅलिवेल यांनी १९७६ मध्ये या फेऱ्याची मांडणी केली आणि जपानच्या कोझी असादांनी त्यातला मोठा भाग उलगडला, म्हणून तिघांच्या नावाने हे चक्र ओळखतात.

तुटलेल्या सीचं झाड नेहमी वायाच घालवतं असं नाही. तुमचे पंढरपूरकडचे द्राक्षवाले पाहुणे असतील तर त्यांना सांगा: द्राक्षाचा आंबटपणा ज्या टार्टारिक आम्लाचा, ते आम्ल वेल सी मोडूनच बनवते.

हा फेरा किती नाजूक आहे ते मला पुस्तकाने नाही, एका वाया गेलेल्या आठवड्याने शिकवलं. नवा होतो. तूर आणि हरभऱ्याची पानं द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, कुटून, अर्क काढून एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज मोजत होतो. २९० नॅनोमीटरवर रीडिंग हललं पाहिजे, ते हलेचना. रसायनं बदलली, यंत्र तपासलं, शेवटी पानांनाच दोष दिला. मग एका ज्येष्ठ बाईंनी माझी वही पाहिली आणि विचारलं, “कुटताना बफरमध्ये, म्हणजे अर्काच्या द्रावणात, एस्कॉर्बेट घातलंस का?” घातलं नव्हतं. हरितलवकातलं हे एन्झाइम आजूबाजूचा सी संपला की काही सेकंदांत मरतं. पेरॉक्साइड त्यालाच खातं. मी आठवडाभर मेलेलं एन्झाइम मोजत होतो. पानातही नेमकं हेच होतं. भरणाऱ्या एन्झाइमांचा वेग पडला की आधी सी आटतो, मग सीवर जगणारा पहारेकरी मरतो, आणि त्यानंतर पान वाचत नाही. निरोगी पानात नव्वद टक्क्यांहून जास्त सी भरलेल्या रूपात असतो. एकूण सी किती, यापेक्षा त्यातला किती भरलेला आहे, हा आकडा पानाची तब्येत जास्त सांगतो.

आता बाटलीकडे येऊ. हिशोब तोंडीच करू. बहुतेक पिकांच्या एक ग्रॅम हिरव्या पानात साधारण अर्धा मिलिग्रॅम सी असतोच. लिटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात फवारलं, आणि एक ग्रॅम पानावर पाव मिलिलिटर पाणी टिकलं असं उदार मनाने धरलं, तर पानावर सी पडला ०.०२५ मिलिग्रॅम. आधीच्या साठ्याच्या विसाव्या भागाइतका. तोही सगळा आत गेला तर! हरितलवकाच्या आत तर सीची तीव्रता २० ते ५० मिलिमोलर मोजलेली आहे, तुमच्या पंपातलं पाणी जेमतेम अर्ध्या मिलिमोलरचं. शिवाय पेशीच्या भिंतीत एस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम दारातच बसलेलं असतं. ते बाहेरचा सी आधी रिकामा करतं, मग आत घेतला जातो तो बराचसा रिकामा. तो भरायचं काम पुन्हा त्याच थकलेल्या एन्झाइमांवर. दुष्काळात घरी पाहुणे पाठवल्यासारखं.

मग सी फवारल्याने फायदा झाला असं सांगणारे शोधनिबंध खोटे का? नाही. गहू, मका, भाज्या यांवर खारवट पाण्याच्या किंवा पाणीटंचाईच्या ताणात फायदा दिसल्याचे बरेच प्रयोग आहेत. पण त्यातले बहुतेक कुंड्यांतले, लहान रोपांवरचे, आणि ताजं द्रावण शुद्ध पाण्यात करून मोजून मारलेले. तिथे जो फायदा दिसतो तो साठा वाढल्याचा नसावा, असं माझं मत आहे. भिंतीजवळच्या सीची स्थिती बदलली की पेशीला काहीतरी इशारा पोचतो आणि ती आपली यंत्रणा आधीच सज्ज करते, हे मला जास्त पटतं. दहा फूट घेराच्या, फळांनी लदलेल्या डाळिंबाला तोच न्याय लागेल असं मी छातीठोक म्हणणार नाही.

जास्त सी म्हणजे जास्त सहनशक्ती, हे समीकरणच मुळात कच्चं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रात डॅनियल गॅली यांच्या गटाने गव्हातलं डिहायड्रोएस्कॉर्बेट रिडक्टेजचं जनुक तंबाखू आणि मक्यात घातलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात पानातला सी दुप्पट ते चौपट झाला. टाळ्या वाजल्या. पुढच्याच वर्षी त्यांनीच दुसरी बाजू दाखवली: जिथे हे एन्झाइम वाढवलं त्या तंबाखूची पर्णरंध्रं जास्त उघडी राहिली, पाणी जास्त उडालं, आणि कोरड्यात ती झाडं आधी माना टाकू लागली. उलट एन्झाइम कमी केलेली झाडं पाणीटंचाईत जास्त टिकली. कारण साधं आहे. पर्णरंध्र मिटायचा निरोप हायड्रोजन पेरॉक्साइडच नेतं. सीने तो निरोप्याच गिळला तर दार लावणार कोण?

असाच दुसरा धक्का यॉर्क विद्यापीठातून २०१५ मध्ये आला. युद्धभूमीच्या मातीत टीएनटी हे स्फोटक उरतं, त्यात झाडं वाढत नाहीत. ती का मरतात ते शोधताना बोट गेलं थेट मोनोडिहायड्रोएस्कॉर्बेट रिडक्टेजच्या एका प्रकाराकडे. हे एन्झाइम टीएनटीलाही इलेक्ट्रॉन देऊन बसतं आणि त्यातून सुपरऑक्साइडचा कारखानाच सुरू होतो. ते एन्झाइम नसलेली झाडं उलट मजेत वाढली! प्रयोगशाळेतल्या मोहरीच्या कुळातल्या एका तणात तिन्ही डिहायड्रोएस्कॉर्बेट रिडक्टेज बंद केले, तरी साध्या परिस्थितीत झाडाला फारसं काही झालं नाही. ग्लुटाथायोन एन्झाइमाशिवायही थोडंफार काम निभावून नेतं. झाडाकडे एका कामाला तीन माणसं असतात. बाटलीवाल्यांना हे परवडत नाही, त्यांना एकच नायक हवा असतो.

चांगली उदाहरणंही आहेत, नाही कशाला म्हणू. आपल्या खाडीकाठचं तिवर बघा, ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत खाऱ्या चिखलात उभं असतं, पानांवर मिठाचे कण चमकतात. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानातल्या शास्त्रज्ञांनी तिवराच्या हरितलवकातलं मोनोडिहायड्रोएस्कॉर्बेट रिडक्टेजचं जनुक तंबाखूत घातलं, तेव्हा ती रोपं मिठाला जास्त पुरून उरली. पण तंबाखू हा आमच्या धंद्यातला पांढरा उंदीर. त्यावर जमलं म्हणजे डाळिंबावर जमलं असं नसतं, आणि असं बियाणं किंवा रोप बाजारात नाही.

ताण म्हणजे नेहमीच शत्रू नव्हे, हेही डाळिंबवाल्याला सांगायची गरज नसावी. बहर धरताना तुम्ही स्वतःच पाणी तोडून ताण देता. तेव्हा झाडात हीच रसायनं वाढतात आणि निरोप नेतात. ताण आणि नुकसान यांच्यामध्ये जी जागा आहे, ती या भरणाऱ्या एन्झाइमांनी राखलेली असते. त्या जागेची रुंदी वाढवणं आपल्या हातात आहे, पण पंपाने कमी, इतर गोष्टींनी जास्त.

त्या गोष्टी कोणत्या? सगळ्यात आधी, पानावर आणि फळावर पडणारा जास्तीचा प्रकाश कमी करा, म्हणजे उसनवारीची वेळच कमी येते. तुमच्याच भागात लोक जुन्या साड्या झाडांवर टाकतात. शहरातून येणारे हसतात. मला ते उत्तम शरीरक्रियाशास्त्र वाटतं. क्रॉप कव्हर असेल तर तेही चालेल. केओलिन ही पांढरी माती फवारली की ऊन परावर्तित होतं. स्पेनमध्ये डाळिंबावर त्याने चट्टे कमी झाल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालंय. फक्त काढणीआधी फळ पुसायची तयारी ठेवा. आणि पश्चिमेकडची फांदी विरळणी यंदा हात राखून करा. फळावर पानाची सावली असणं हे कुठल्याही बाटलीपेक्षा स्वस्त पडतं.

दुसरं, फेऱ्याला लागणारा कच्चा माल. ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांचं बनतं, त्यातल्या सिस्टीनमध्ये गंधक असतं. गंधक कमी तर उसनं द्यायला सावकारच नाही. एस्कॉर्बेट पेरॉक्सिडेजच्या पोटात लोह असतं. सुपरऑक्साइड पहिल्यांदा पकडणारं जे एन्झाइम, त्याला प्रकाराप्रमाणे तांबं-जस्त, मँगनीज किंवा लोह लागतं. तुमच्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात ती त्यामुळेच. मॅग्नेशियमचं तर मजेदार आहे. मॅग्नेशियम किंवा जस्त कमी असलेल्या घेवड्याच्या पानाचा काही भाग झाकून ठेवला तर झाकलेला भाग हिरवा राहतो आणि उघडा पिवळा पडतो. म्हणजे कमतरता तीच, पण पानाला संपवतं ते ऊन. पान-देठ परीक्षण करून घ्या, सोलापूरला केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्यापासून फार लांब नाही. अंदाजाने सूक्ष्म अन्नद्रव्यं ओतू नका.

तिसरं, पाणी. चार दिवसांनी भरपूर देण्यापेक्षा रोज थोडं, ठिबकच्या नळीखाली पाचट किंवा गवताचं आच्छादन. मूळ थंड राहिलं की रंध्रं दुपारी उशिरा मिटतात, इलेक्ट्रॉनना घर मिळतं. एवढंच.

आणि सवय. पान उन्हात काही दिवस राहिलं की स्वतःच सी वाढवतं, सावलीत कमी करतं. म्हणून शेडनेटमधली मिरची-टोमॅटोची रोपं थेट रानात लावली की पांढरी पडतात, आणि आठवडाभर उन्हाला सरावलेली तगतात. साड्यांचंही तेच: पंधरा दिवस झाकलेलं फळ भर दुपारी एकदम उघडं करू नका. ढगाळ दिवस बघा, किंवा संध्याकाळी काढा.

एवढं सगळं सांगूनही तुम्हाला बाटली वापरून पाहायचीच असेल, तर पाहा, मी अडवणार नाही. आधी लेबल वाचा. खत नियंत्रण आदेशात २०२१ पासून जैव उत्तेजकं आलीत आणि त्यात जीवनसत्त्वं, अँटिऑक्सिडंट असे स्वतंत्र वर्गच आहेत. त्यामुळे घटक आणि प्रमाण लेबलवर हवं, पक्कं बिल हवं. ‘झाडाला ताकद’ हे प्रमाण नव्हे.

दुसरी खबरदारी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. तेल्या रोगासाठी तुम्ही बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ही तांब्याची औषधं मारत असणारच. तांब्याच्या संगतीत सी झपाट्याने संपतो, आणि नुसता संपत नाही, जाता जाता पेरॉक्साइड तयार करून जातो. लोहाच्या संगतीतही तेच. म्हणजे पंपात सी आणि कॉपर एकत्र केलं की आग विझवायला निघालेल्या माणसाच्या हातात काडेपेटी दिली. फेरस सल्फेट किंवा लोह असलेलं मिश्रणही त्यात नको. बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असेल तरी सी टिकत नाही. आधी पाण्याचा सामू (पीएच) बघून घ्या. द्रावण संध्याकाळी करा, लगेच संपवा. पिवळं पडलेलं द्रावण ओतून द्या.

आणि प्रयोग करायचा तर प्रयोगासारखा करा. शेजारशेजारच्या तीन ओळी निवडा. एकीवर काही नाही, एकीवर बाटलीतलं द्रावण, आणि एकीवर तेवढंच नुसतं पाणी. ही तिसरी ओळ कोणी ठेवत नाही, आणि तिथेच सगळे फसतात, कारण चाळीस अंशांत नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानेही पान गार होतं. प्रत्येक ओळीतली दहा झाडं पक्की करा, आज पश्चिमेकडची चट्टे असलेली फळं मोजा, पुन्हा वीस दिवसांनी मोजा. कुठल्या ओळीवर काय मारलं ते मुलीने तिच्या वहीत लिहून ठेवावं, झाडांना नुसत्या रंगीत चिंध्या बांधाव्यात, आणि मोजणी संपेपर्यंत ती वही तुम्हाला दाखवू नये. दुकानदारालाही नाही.